अडीचचे दोन तुकडे

एकदा एक चूक जन्माला आली. तिची वेळ नेमकी ठाऊक आहे: सोमवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. त्याआधी ती एका मुलीच्या डोक्यात आणि संगणकाच्या पोटात होती, आणि तिथे ती कुणालाच चावत नव्हती. दहा वीसला ती कागदावर छापली गेली आणि एका आईच्या मुठीत जाऊन बसली.

तालुक्याच्या त्या गावात लहान मुलांचा एक धर्मादाय दवाखाना होता. चार बाकं, एक पाळणा, भिंतीवर रंग उडालेला मोर, आणि तपासायला एकच डॉक्टरबाई. दूरदूरच्या वस्त्यांवरून बाया लेकरांना कडेवर घेऊन यायच्या. डॉक्टरबाई तपासत आणि सूचना संगणकावर लिहीत. बाहेर खिडकीपाशी एक छोटा प्रिंटर होता. त्यातून एसटीच्या तिकिटासारख्या अरुंद पट्टीवर त्या सूचना छापून निघत.

पण त्या निघत एका दमात. औषध किती, किती तासांनी, पाणी उकळून, अंगावर पाजणं सुरू ठेवा, सगळं एकाला एक चिकटून, बाजारातल्या गर्दीसारखं. बाया चिठ्ठी उलटसुलट करून बघत आणि शेवटी खिडकीशी येऊन विचारत, "बाई, ह्यात औषध कुठं लिहिलंय?"

खिडकीशी यामिनी बसायची. वय तेवीस, हात चपळ, डोकं त्याहून चपळ. तिला हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा ऐकावा लागे. एक दिवस तिने ठरवलं की ह्या चिठ्ठीला माणसात आणायचं.

यामिनीला संगणकाची विद्या देणारे गुरू म्हणजे अण्णा. अण्णांनी उमेदीची चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली होती. छापखाना बंद पडला तेव्हा ते साठीला टेकले होते. त्या वयात त्यांनी नातवाच्या बरोबरीच्या मुलांत बसून संगणक शिकून घेतला. लोक हसले. अण्णा म्हणाले, "अक्षरं तीच आहेत रे, फक्त शिसं हलकं झालंय." आता ते दवाखान्यातली यंत्रं सांभाळत आणि जो कोणी शिकायला येईल त्याला शिकवत. फी म्हणून एक कप चहा, तोही बिनसाखरेचा.

यामिनीने त्यांना आपला बेत सांगितला.

"अण्णा, डॉक्टरबाई लिहितात तो सगळा मजकूर संगणकाच्या लेखी एकच लांबलचक माळ असते. आपण त्याला स्ट्रिंग म्हणतो ना, तीच. मी ती माळ तोडते. प्रत्येक सूचना वेगळ्या ओळीवर."

"तोड की. पण कुठे तोडशील?"

"पूर्णविरामाशी. टिंब दिसलं की तोडायचं आणि पुढचा मजकूर खालच्या ओळीवर न्यायचा. स्प्लिटची, म्हणजे तोडण्याची, एकच आज्ञा लागते. एका ओळीचं काम."

"करून पाहिलंस?"

"दहा चिठ्ठ्यांवर पाहिलं. दहाच्या दहा बरोबर."

"चिठ्ठ्या कुणाच्या होत्या?"

"कुणाच्या म्हणजे? मीच लिहिल्या."

अण्णांनी काही बोलायला तोंड उघडलं. पण समोरचा तो फुललेला चेहरा त्यांनी पाहिला आणि शब्द गिळला. "छान केलंस," एवढंच ते म्हणाले.

तर असा तो सोमवार. दहा वीसला यामिनीने कळ दाबली आणि पहिली नवी चिठ्ठी बाहेर आली. एकाखाली एक सुटसुटीत ओळी, जणू न्हाऊन माखून रांगेत बसलेली पोरं. घेणाऱ्या बाईने ती हातभर लांब धरली आणि म्हणाली, "अगं बाई! आता कसं, मला पण वाचता येतंय." डॉक्टरबाई मुद्दाम बाहेर येऊन शाबासकी देऊन गेल्या. दुपारी बारापर्यंत एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या, आणि "ह्यात औषध कुठं लिहिलंय" असं कुणीही विचारलं नाही. यामिनीला वाटलं, आज घरी चालत नाही, तरंगत जायचं.

सव्वाबाराला सुगंधा परत आली.

सुगंधा म्हणजे जवळच्याच एका खेड्यातली, पहिलटकरीण. सात महिन्यांची लेक कडेवर. ही बाई म्हणजे शंकांची टोपली. औषध जेवणाआधी की नंतर, जेवण म्हणजे माझं की बाळाचं, झाकण धुवायचं का, धुतलं तर पुसायचं का. तिला सगळा दवाखाना ओळखत होता.

"आल्या परत!" बाकावरची एक बाई म्हणाली. "सुगंधे, तुला डॉक्टरीणबाईंनी इथंच एक खोली बांधून द्यायला पाहिजे."

"देऊ देत की. केर काढायला तुलाच ठेवीन," सुगंधा म्हणाली. पण तिचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. ती एसटी स्टँडवरून उन्हातून परत आली होती. गाडी फलाटाला लागलेली असताना सोडून आली होती. तिने खिडकीतून चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीचा एक कोपरा लेकीने चघळून ओला केला होता.

"ताई, रागावू नका. हे बघा ना. ताप आला तर दोन, असं लिहिलंय. दोन काय? दोन चमचे की दोन झाकणं? आणि त्याच्या खाली पाच मिली द्या. मागच्या महिन्यात तर तुम्ही एवढंसंच सांगितलं होतं."

यामिनीच्या मागे कामाचा ढीग होता. "वहिनी, तेव्हा बाळ लहान होतं, आता वाढलं. डॉक्टरबाईंनी लिहिलंय तेच छापून येतं. मशीन आपल्या मनाचं काही घालत नाही."

"नाही हो, मी कुठं म्हणते मशीन खोटं बोलतंय. पण दोन नुसतंच कसं असेल? दोनाच्या पुढं काहीतरी पाहिजे ना?"

"बसा जरा. डॉक्टरबाई मोकळ्या झाल्या की विचारते."

अण्णा तेव्हा कोपऱ्यात एका पंख्याची वायर जोडत बसले होते. सुगंधाचं शेवटचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांचा हात थांबला. ते उठून आले, सुगंधाच्या हातून चिठ्ठी घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाशी धरून वाचली. मग आत गेले आणि डॉक्टरबाईंच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. डॉक्टरबाई हातातलं काम टाकून संगणकाकडे वळल्या.

अण्णा बाहेर आले. त्यांनी प्रिंटरचं बटण बंद केलं. मग त्यांनी जे केलं ते बघून बाकावरच्या बायासुद्धा एकमेकींकडे पाहायला लागल्या.

"सुगंधा, तुझी लेक घटकाभर देशील?" त्यांनी विचारलं. बाळाला आपल्या हातात घेतलं आणि सरळ नेऊन यामिनीच्या डाव्या हातावर ठेवलं.

"अण्णा, हे काय! मला काम आहे."

"हेच काम आहे."

त्यांनी टेबलावर तीन वस्तू मांडल्या. औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं पाणी, मापाच्या रेघा असलेलं झाकण, आणि ती चघळलेली चिठ्ठी. "समज, लेक तुझी आहे. अंग तापलंय. घरात दुसरं कुणी नाही. चिठ्ठी वाच आणि औषध मोज."

यामिनीला हसू येईना आणि रागही येईना. तिने कधी सात महिन्यांचं मूल एका हातावर घेतलं नव्हतं. ते मूल म्हणजे जिवंत मासळी. ते मागे झुकलं, पुढे झुकलं, तिची वेणी ओढली, मग चिठ्ठीकडे झेपावलं. यामिनीने चिठ्ठी उचलली तर बाटली कलंडली. बाटली धरली तर चिठ्ठी गुंडाळून पुन्हा नळी झाली. बाळाने भोकाड पसरलं. बाळाचं रडं कानाशी आलं की माणसाला लांब वाचता येत नाही, डोळा जिथे पडेल तेवढंच वाचलं जातं. यामिनीचा डोळा पडला तो एका ओळीवर. तिने झाकण भरलं आणि धापा टाकत टेबलावर ठेवलं.

"किती भरलंस?" अण्णांनी विचारलं.

"पाच मिली."

"आत जा. डॉक्टरबाईंनी काय लिहिलंय ते त्यांच्या पडद्यावर बघून ये."

यामिनी बाळासकट आत गेली. पडद्यावर लिहिलं होतं: बाळाला ताप आला तर २.५ मिली द्या. दोन वेळांमध्ये सहा तास जाऊ द्या.

तिने हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

बाळाला ताप आला तर २
५ मिली द्या
दोन वेळांमध्ये सहा तास जाऊ द्या

टिंब दिसलं की तोड, असं तिने यंत्राला सांगितलं होतं. यंत्राने इमानाने तोडलं होतं. वाक्याच्या शेवटचं टिंब आणि अडीचच्या पोटातलं टिंब, दोन्ही त्याला सारखीच. तिने स्वतः रचलेल्या दहा चिठ्ठ्यांत सगळीकडे पाच मिली आणि दोन थेंब होते. अडीच तिच्या मनातच आलं नव्हतं. अडीच लागतं ते तान्ह्यांना, आणि तिच्या घरात तान्हं नव्हतं.

तिच्या हातातलं बाळ एकाएकी फार जड झालं.

"यामिनी, बसून घे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण बोटं भराभरा चालत होती. "एकोणीस चिठ्ठ्यांपैकी चारांत अडीच आहे. एक ही सुगंधा. दोघींना फोन लागलाय, त्यांनी अजून दिलं नव्हतं. चौथी चंद्रकला, कालव्यापलीकडच्या वस्तीवरची. तिचा मुलगा पाच महिन्यांचा. कागदावर नंबर नवऱ्याचा आहे. तो गवंडीकामाला गेलाय, फोन उचलत नाही."

"तिने दिलं असेल?"

"अकराला गेली इथून. ताप होता पोराला. दिलं असेल." डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "एकदा गेलं असेल तर बहुतेक निभावेल. पण पोरगं लहान आहे, आणि आई दर सहा तासांनी देत राहिली तर मला झोप लागायची नाही. बाहेर तीस पोरं बसलीत, मला उठता येत नाही. तुम्ही जा, बाळाला बघा आणि तिथून मला फोन करा."

यामिनीने बाळ सुगंधाकडे दिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण सुगंधाच आधी म्हणाली, "ताई, जा तुम्ही. आधी त्या लेकराकडं जा."

दवाखान्याबाहेर टमटम उभी होती. अण्णा चढले आणि यामिनी चढली. वाटेत ती सारखी बोटांनी हवेत काहीतरी लिहीत होती.

"काय चाललंय?" अण्णांनी विचारलं.

"दुरुस्ती. टिंबाच्या दोन्ही बाजूंना आकडे असले तर तोडू नकोस, असं सांगायचं. दोन मिनिटांचं काम आहे, अण्णा. दोन मिनिटांचं! मी ती दोन मिनिटं परवाच दिली असती तर..." तिने हात खाली घेतला. "तुम्ही मला रागावत का नाही?"

"रागवायचं तर आधी माझ्यावर रागवावं लागेल. चिठ्ठ्या कुणाच्या, हे मी विचारलं होतं. तू उत्तर दिलंस तेव्हाच मला समजलं होतं. पण तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, पोरीचा आनंद कशाला मोडा. चुकीत माझा वाटा अर्धा."

टमटमवाल्याने आरशातून पाहिलं आणि न सांगता गाडीचा वेग वाढवला.

कालव्यापलीकडे वस्ती अशी दहा-बारा घरांची. चंद्रकला अंगणात धुणं वाळत घालत होती. विशीची मुलगी, पण अंगात उभारी. दोघांना बघून ती म्हणाली, "दवाखाना आज घरी चालत आला वाटतं?"

"बाळाला औषध दिलंत का?" यामिनीने दारातूनच विचारलं.

"दिलं की. बारालाच दिलं. पाच मिली, चिठ्ठीत होतं तसं. चांगलं लागू पडलं बघा. रडून रडून हैराण केलं होतं सकाळपासून, आता कसा गाढ झोपलाय."

यामिनी चपलांसकट घरात शिरली. आत झोळीत बाळ झोपलं होतं. कपाळाला काजळाचा टिळा, मुठी आवळलेल्या, ओठ अर्धवट उघडे. गाढ. फार गाढ. एका तासापूर्वी जिला तान्हं मूल हातात धरता येत नव्हतं, ती आता झोळीवर ओणवी होऊन त्या इवल्या छातीकडे पाहत होती. छाती वर येत होती, खाली जात होती. दर वेळी खाली गेली की यामिनीचा स्वतःचा श्वास अडकायचा.

"काय झालं? अशा काय बघताय?" चंद्रकलाचा आवाज बदलला.

आता बोलायलाच हवं होतं. "वहिनी, चिठ्ठी चुकली. डॉक्टरबाईंनी अडीच लिहिलं होतं. माझ्यामुळे त्याचे दोन तुकडे झाले आणि तुम्हाला पाच दिसलं. चूक माझी आहे."

चंद्रकलाच्या हातातला पिळा खाली पडला. ती एका ढांगेत आत आली आणि यामिनीला बाजूला सारून झोळीशी बसली. "राजा," तिने हाक मारली. "ए राजा." बाळाने भुवई हलवली आणि पुन्हा झोपलं.

अण्णांनी तोवर डॉक्टरबाईंना फोन लावला होता. "बारा वाजता, एकदाच," ते सांगत होते. "श्वास बरोबर चाललाय. हो. ताप उतरलाय. हो, झोपलाय." मग फोन कानापासून दूर न करता म्हणाले, "जागं करा त्याला. तळपाय चोळा. जागं होऊन दूध ओढतोय का ते बघायचंय."

चंद्रकलाने बाळाला झोळीतून काढून मांडीवर घेतलं. एक तळपाय तिने चोळला आणि दुसरा, कुणी सांगितलं नसताना, यामिनीने. एवढासा पाय, तिच्या अंगठ्याएवढी टाच. चोळताना ती मनात म्हणत होती, रड. रड रे राजा. काय वाटेल ते कर, पण रड.

बाळाने नाक मुरडलं. एक डोळा उघडला. आपली झोप मोडणारी ही अनोळखी बाई कोण, असं क्षणभर पाहिलं. आणि मग त्याने असा काही टाहो फोडला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

यामिनीने इतकं गोड काही आजवर ऐकलं नव्हतं. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. चंद्रकलाने पदराखाली घेतलं तसं बाळ रागारागाने पिऊ लागलं, मधेच सुटून हुंदका देई, पुन्हा लागे. फोनमध्ये डॉक्टरबाईंना ते सगळं ऐकू गेलं असावं, कारण अण्णा म्हणाले, "हो, तोच. ऐकलंत ना?" मग सूचना ऐकून घेतल्या आणि चंद्रकलाला सांगितल्या: डॉक्टरबाई सांगेपर्यंत औषध देऊ नका, उलटी झाली किंवा सुस्त वाटलं तर लगेच आणा, नाहीतर उद्या सकाळी दाखवायला या. इकडे सूर्य मावळेपर्यंत कुणीतरी बसून राहा.

"मी बसते," यामिनी म्हणाली.

बाळ पीत होतं आणि चंद्रकलाचे डोळे कोरडे होते. मग तिने विचारलं, "शाळा माझी सातवीपर्यंत झाली. घरात वाचता मलाच येतं. सासूबाई म्हणत होत्या, मागच्या खेपेइतकंच दे. मी म्हटलं, नाही, कागदावर आहे तसंच देणार. मी कागदावर विश्वास ठेवला. आता मला सांगा, इथून पुढं मी कशाला खरं मानू?"

यामिनी उठली, फळीवरून औषधाचं झाकण घेतलं, धुतलं, आणि अडीचच्या रेघेपर्यंत पाणी भरून चंद्रकलासमोर धरलं. "वहिनी, हे बघा. डॉक्टरबाई पुन्हा सुरू करा म्हणतील तेव्हा एवढंच. कागदावर काहीही असो."

चंद्रकलाने झाकण हातात घेतलं, उजेडाला धरून नीट पाहिलं. मग म्हणाली, "चहा टाकते. बसणारच आहात तर उपाशी कशाला बसता."

बाळ झोळीत टाकून ती चुलीकडे वळली. झोळीची दोरी आपोआप यामिनीच्या हातात आली. अण्णा उंबऱ्याशी टेकून बसले होते.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "एक विचारू? चूक काय आहे हे तुम्हाला चिठ्ठी बघताक्षणी कळलं होतं. मला नुसतं सांगायचं होतं. ते बाळ माझ्या हातात का दिलंत?"

"सांगितलं असतं तर तू चूक दुरुस्त केली असतीस," अण्णा म्हणाले. "दोन मिनिटांत. आणि पुढच्या महिन्यात दुसरी केली असतीस. छापखान्यात पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं होतं की ओळ भरली की तोडायची. ती कुठे तोडायची नाही, हे शिकायला पुढची सगळी वर्षं गेली. यंत्राला टिंब दिसतं, पोरी. टिंबाच्या पलीकडे कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही. ते आपण बघायचं असतं, आणि त्याला सांगायचं असतं. आई लेकराला भाकरी कुस्करून देते ना, ती तव्याच्या मापाने कुस्करत नाही. लेकराच्या घशाच्या मापाने कुस्करते. तू मजकूर तुझ्या सोयीने तोडलास. जिच्या एका हातात रडणारं मूल आहे, तिला एका नजरेत कळेल आणि दुसऱ्या हाताने करता येईल, तेवढी एक ओळ असावी. हे मी दहा वेळा सांगितलं असतं तरी तुला पाठ झालं असतं, समजलं नसतं. म्हणून ते वजन हातावर दिलं."

चुलीवर चहा उकळत होता. यामिनीने दोरीला हलका झोका दिला, आणि मग तिच्या लक्षात आलं की बाळ झोपलेलं नाही. ते टक्क डोळे उघडून तिच्याकडे पाहत होतं. तिने बोट पुढे केलं. बाळाने ते मुठीत धरलं, घट्ट, आणि सोडलंच नाही.

सूर्य मावळेपर्यंत ती तिथेच बसली. नवी चिठ्ठी कशी असावी ते तिने तिथेच, त्या एका मोकळ्या हाताने, चंद्रकलाच्या जुन्या वहीच्या पानावर लिहिलं. आकडा आणि त्याचं माप कधीही वेगळं करायचं नाही. अडीच असेल तर आकड्याशेजारी अक्षरातही अडीच लिहायचं. आणि कुठलीही नवी चिठ्ठी खिडकीतून जाण्याआधी एका आईने, मूल कडेवर घेऊन, मोठ्याने वाचून दाखवायची. हे शेवटचं लिहून ती थांबली. पान तिने चंद्रकलापुढे केलं.

"वाचून बघता का, वहिनी? कुठे अडतंय का सांगा."

चंद्रकलाने बाळाला कडेवर घेतलं, पान उजेडाकडे धरलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायला लागली. तिसऱ्या ओळीवर ती अडली. यामिनीने तिच्या हातून पान घेतलं आणि ती ओळ पुन्हा लिहिली.

ही गोष्ट तुमच्यापर्यंत पोचली, ती तुमच्यापाशी थांबू देऊ नका. ज्या घरी तान्हं मूल आहे त्या घरच्या बाईला एवढं जरूर सांगा: चिठ्ठीवर आकडा एकटाच उभा दिसला, ओळ मधेच तुटल्यासारखी वाटली, तर औषध ओतू नको. गाडी सुटली तर सुटू दे, कुणी हसलं तर हसू दे, पण मागे फिर आणि विचार. आणि तिला म्हणावं, तू पण आणखी एकीला सांग.